आनी-फ्रीड ल्युंगस्टाड

आनी-फ्रीड सिनी ल्युंगस्टाड (जन्म: १५ नोव्हेंबर १९४५) ह्या नॉर्वेमध्ये जन्मलेल्या स्वीडिश पॉप गायिका असून 'फ्रीडा' ह्या नावाने त्या जगभर ओळखल्या जातात. १९७२ ते १९८२ ह्या काळात जागतिक कीर्ती मिळवलेल्या 'आबा' ह्या स्वीडिश चमूच्या दोन गायिकांपैकी त्या एक होत. चमूत येण्यापूर्वी सुमारे चौदा वर्षे त्या व्यावसायिक गायिका म्हणून गात होत्या आणि चमूचे काम थांबल्यानंतरही त्यांनी स्वतंत्रपणे गायन केले. १९७१ ते १९९६ ह्या पंचवीस वर्षांत त्यांचे पाच स्वतंत्र अल्बम प्रसिद्ध झाले. त्यांपैकी तीन स्वीडिश भाषेत व दोन इंग्रजीत आहेत. त्यांचा आवाज मेझो-सोप्रानो ह्या वर्गात मोडतो.

आबाविषयी लिहिताना चौघांचा उल्लेख एकत्र करण्याची प्रथा आहे. चमूचे नावच चौघांच्या नावांतील आद्याक्षरांचे बनलेले असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यामुळे फ्रीडा यांच्या आवाजाचे वेगळेपण आणि त्यामागची दीर्घ तालीम बरेचदा नजरेआड होते.

जन्म आणि बालपण

फ्रीडा यांचा जन्म उत्तर नॉर्वेतील नार्विक शहराजवळच्या बालांगेन परिसरात, ब्यर्कोसेन ह्या लहानशा गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात एप्रिल १९४० पासून मे १९४५ पर्यंत नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता. त्यांची आई सिनी ल्युंगस्टाड ही स्थानिक तरुणी, तर वडील आल्फ्रेड हासे हे तेथे नेमणुकीवर असलेले जर्मन सैनिक होते. फ्रीडा यांच्या जन्मापूर्वीच हासे जर्मनीला परतले होते. त्यांचे जहाज वाटेत बुडाले व ते मरण पावले, असाच समज ल्युंगस्टाड कुटुंबात पुढे अनेक वर्षे होता.

युद्ध संपल्यावर नॉर्वेत जर्मन सैनिकांशी संबंध आलेल्या स्त्रियांना समाजाच्या रोषाला तोंड द्यावे लागले. अनेकींना विनाचौकशी अटकेत ठेवण्यात आले, कित्येकींचे केस भर रस्त्यात कापले गेले, तर काहींना देश सोडावा लागला. त्यांच्या मुलांना 'जर्मनांची पोरे' म्हणून हिणवले जाई. ह्या स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीबद्दल नॉर्वेच्या सरकारने अधिकृत माफी मागितली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे सात दशकांहून अधिक काळ लोटल्यावर.

अशा वातावरणात नातीला वाढवणे अशक्य असल्याचे ओळखून आजीने १९४७ च्या सुरुवातीस तिला घेऊन शेजारच्या स्वीडनची वाट धरली. युद्धकाळात स्वीडन तटस्थ राहिला होता आणि तेथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. आईही काही काळाने त्यांना येऊन मिळाली, पण त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने तिचे निधन झाले. फ्रीडा तेव्हा दोन वर्षांच्याही नव्हत्या. पुढे आजी व नात एस्किलस्तूना ह्या औद्योगिक शहराजवळील टोर्शहेला येथे स्थायिक झाल्या. मिळेल ते काम करून आजीने नातीला वाढवले. घरात दुसरे कोणी नव्हते.

नृत्यवृंद आणि जॅझ

१९५८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, फ्रीडा एस्किलस्तूना भागातील एका नृत्यवृंदात गायिका म्हणून दाखल झाल्या. त्या काळी स्वीडनमधील गावोगावच्या सभागृहांत व उद्यानांत आठवड्याच्या अखेरीस जोडीने नृत्य करण्याचे कार्यक्रम होत आणि त्यांना साथ देणारे वादक-गायकांचे छोटे ताफे सर्वत्र असत. तेथे श्रोते खुर्च्यांवर बसून ऐकत नसत, ते नाचत असत. त्यामुळे गायकाला लय ढळू न देता तासन् तास गावे लागे आणि रोज नवनवी लोकप्रिय गाणी बसवावी लागत. पुढे त्या पंधराएक वादकांच्या एका मोठ्या जॅझ वृंदात गाऊ लागल्या. अमेरिकी जॅझमधील प्रसिद्ध गीते हा त्या वृंदाचा मुख्य आधार होता. एला फिट्झजेराल्ड आणि पेगी ली ह्या त्यांच्या आदर्श गायिका होत्या. नंतर त्यांनी 'आनी-फ्रीड फोर' नावाचा स्वतःचा ताफाही उभा केला.

१९६४ मध्ये त्यांचा विवाह त्याच वृंदातील वादक राग्नार फ्रेड्रिक्सन यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली.

हा काळ चरित्रलेखनात सहसा दोन-तीन ओळींत उरकला जातो. वास्तविक पुढील कारकिर्दीचा पाया येथेच घातला गेला. श्वासावरील ताबा, शब्दाच्या शेवटी स्वर किंचित लांबवून सोडण्याची लकब आणि खालच्या पट्टीतही आवाज भरीव ठेवण्याची हातोटी ह्या गोष्टी त्यांनी ध्वनिमुद्रण कक्षात शिकल्या नाहीत. नऊ वर्षे नृत्यसभागृहांत गाताना त्या त्यांच्या अंगवळणी पडल्या.

३ सप्टेंबर १९६७

ह्या दिवशी स्टॉकहोममधील स्कान्सेन उद्यानात नव्या गायकांसाठी घेण्यात आलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत फ्रीडा प्रथम आल्या. त्याच पहाटे स्वीडनने रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवण्याचा जुना नियम सोडून उजव्या बाजूचा नियम स्वीकारला होता. अपघात टळावेत म्हणून लोकांनी शक्यतो घरी थांबावे अशी अपेक्षा होती आणि सायंकाळी दूरचित्रवाणीवर लेनार्ट हीलंड यांचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम ठेवण्यात आला होता. स्पर्धेच्या विजेतीला कल्पना नसताना थेट त्या कार्यक्रमात नेण्यात आले. सारा देश घरात बसून दूरचित्रवाणी पाहत असताना एस्किलस्तूनाची एक अपरिचित गायिका पडद्यावर आली. एरवी ज्या प्रसिद्धीला वर्षे लागतात ती त्यांना एका संध्याकाळी लाभली. त्यानंतर ई.एम.आय. कंपनीच्या स्वीडिश शाखेशी त्यांचा करार झाला.

करार झाला तरी यश लगेच आले नाही. पहिल्या काही तबकड्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९६९ मध्ये युरोव्हिजन स्पर्धेसाठी स्वीडनचे गीत निवडणाऱ्या 'मेलोडीफेस्टिवालेन' ह्या स्पर्धेत त्या चौथ्या आल्या. त्याच स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या गीताचे एक रचनाकार होते बेनी अँडरसन. स्वीडनमधील त्या वेळच्या 'हेप स्टार्स' ह्या लोकप्रिय चमूत ते कळफलक-वाद्ये वाजवीत. त्या वर्षी दोघांची ओळख झाली व पुढे ते एकत्र राहू लागले. फ्रेड्रिक्सन यांच्याशी झालेला विवाह संपुष्टात आला होता. मुले वडिलांकडे एस्किलस्तूना येथे राहिली आणि फ्रीडा स्टॉकहोमला स्थायिक झाल्या.

१९७१ मध्ये 'फ्रीडा' हा त्यांचा पहिला अल्बम बेनी अँडरसन यांच्या निर्मितीखाली निघाला. त्याच वर्षी त्यांनी गायिलेले 'मिन एगेन स्ताद' (माझे स्वतःचे शहर) हे गीत स्वीडिश नभोवाणीच्या 'स्वेन्स्कटोपेन' ह्या साप्ताहिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचले. ह्या गीताच्या पार्श्वगायनात पुढे आबा म्हणून प्रसिद्ध झालेले चौघेही आहेत. चमू अस्तित्वात येण्यापूर्वीच त्याचा स्वर एका स्वतंत्र गायिकेच्या तबकडीवर उमटला होता.

आबा

बेनी अँडरसन यांचे सहरचनाकार ब्यॉर्न उल्व्हेउस आणि त्यांची पत्नी, गायिका आग्नेथा फेल्ट्स्कोग, हे चमूतील उरलेले दोघे. आग्नेथा त्या वेळी स्वीडनमध्ये स्वतंत्र गायिका म्हणून प्रस्थापित होत्या. चौघांनी १९७० मध्ये एकत्र रंगमंचीय कार्यक्रम करून पाहिला, पण तो रंगला नाही. १९७२ मध्ये 'पीपल नीड लव्ह' हे इंग्रजी गीत चौघांच्या नावांची लांबलचक यादी छापून प्रसिद्ध झाले. १९७३ मध्ये मेलोडीफेस्टिवालेनमध्ये 'रिंग रिंग' तिसरे आले. त्याच सुमारास व्यवस्थापक स्टिग अँडरसन यांनी आद्याक्षरांवरून 'आबा' हे आटोपशीर नाव रूढ केले. स्वीडनमध्ये ह्याच नावाची मासळी डबाबंद करणारी एक कंपनी होती. तिची संमती घ्यावी लागली व ती मिळाली.

६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे 'वॉटर्लू' ह्या गीताने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. स्वीडनचे हे त्या स्पर्धेतील पहिलेच विजेतेपद होते. त्यापुढील आठ वर्षांचा आबाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे त्यातील फ्रीडा यांच्या वाट्यापुरते पाहू.

दोन आवाजांची वीण

भारतीय संगीतात गायन प्रामुख्याने एका स्वररेषेवर चालते. सहगायनातही सर्व जण बहुधा एकच चाल गातात. पाश्चात्त्य सुगम संगीतात मात्र एकाच क्षणी निरनिराळे स्वर एकत्र लावून त्यांचा मेळ साधला जातो. आबाची गाणी ह्या मेळावर उभी आहेत आणि त्या मेळात दोन स्त्री-आवाजांची कामे वेगळी आहेत. आग्नेथा यांचा आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रीस्वरांतील उंच पट्टीचा, उजळ आणि काहीसा कातर आहे. फ्रीडा यांचा मेझो-सोप्रानो त्याखालचा, अधिक गडद आणि घुमारेदार आहे.

ब्यॉर्न आणि बेनी दोघींकडून मुद्दाम उंच पट्टीत गाऊन घेत. आवाज आपल्या मर्यादेच्या टोकाला ताणला की त्यात जी धार येते ती त्यांना हवी असे. ह्याचा अधिक भार साहजिकच फ्रीडा यांच्यावर पडे, कारण त्यांचा आवाज मुळात खालचा. दोघी एका स्वरात गातात तेव्हा ऐकणाऱ्याला तिसराच कोणी आवाज असल्याचा भास होतो. 'डान्सिंग क्वीन' (१९७६) हे ह्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यात दोघी जवळजवळ संपूर्ण गीत एकत्र गायल्या आहेत. ध्वनिमुद्रक मिकाएल ट्रेटोव यांनी ह्यात आणखी भर घातली. एकदा मुद्रित केलेला भाग ध्वनिफितीची गती किंचित बदलून पुन्हा मुद्रित करायचा आणि दोन्ही एकत्र वाजवायचे, अशी त्यांची एक युक्ती होती. दोहोंच्या स्वरांत केसाएवढा फरक राहतो आणि त्यामुळे ध्वनी दाट होतो.

ह्या पद्धतीने चमूला स्वतःची अशी ओळख दिली, परंतु ती देताना दोन गायिकांच्या वेगळ्या ओळखी एकमेकींत मिसळून टाकल्या. कोणते गाणे कोण गाते हे अनेक चाहत्यांनाही सांगता येत नसे. १९७७ च्या युरोप व ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सादर झालेल्या छोट्या संगीतिकेत तर दोघी एकसारखा पोशाख आणि एकसारखे सोनेरी केसांचे टोप घालून रंगमंचावर येत. लहान गावातून निघून गायिका होऊ पाहणाऱ्या मुलीची ती कथा होती. त्या दोघींत फ्रीडा यांचे पूर्वायुष्य ह्या कथेशी अधिक मिळतेजुळते होते, हा योगायोग समीक्षकांच्या फारसा लक्षात आलेला दिसत नाही.

फ्रीडा यांनी मुख्य स्वरात गायिलेली गीते एकत्र ऐकली म्हणजे त्यांची प्रकृती ध्यानात येते. 'मनी, मनी, मनी' (१९७६) मध्ये जुन्या युरोपीय मद्यगृहांतील गायनाचा नाट्यपूर्ण ढंग आहे. 'नोइंग मी, नोइंग यू' हे विभक्त होणाऱ्या जोडप्याचे गीत त्या कसलाही आक्रोश न करता, जवळजवळ कोरड्या स्वरात गातात आणि म्हणूनच ते अधिक बोचते. 'आय हॅव अ ड्रीम' (१९७९) मध्ये मुलांचा गायकवृंद साथीला आहे. 'सुपर ट्रूपर' (१९८०) मध्ये प्रसिद्धीच्या झोतातील एकाकीपण आहे. १९८१ च्या 'द व्हिजिटर्स' ह्या अल्बमच्या शीर्षकगीतात सोव्हिएत राजवटीतील असंतुष्टाची दारावर थाप पडण्याची भीती आहे. आबाची जी गाणी केवळ नाचण्यासाठी नाहीत, त्यांतील बरीच फ्रीडा यांच्या वाट्याला आली.

'फर्नांडो' ह्या गीताची हकीकत ह्या संदर्भात उद्बोधक आहे. मुळात ते चमूचे नव्हते. १९७५ मध्ये निघालेल्या 'फ्रीडा एन्साम' (एकटी फ्रीडा) ह्या त्यांच्या दुसऱ्या स्वतंत्र अल्बमसाठी ते स्वीडिश भाषेत लिहिले गेले होते आणि त्यात प्रेमभंग झालेल्या मित्राचे सांत्वन होते. स्वीडनमध्ये ते अतिशय गाजले. १९७६ मध्ये ब्यॉर्न उल्व्हेउस यांनी त्याच चालीवर इंग्रजीत वेगळाच आशय बांधला. त्यात तरुणपणी लढलेल्या युद्धाची वृद्धापकाळी आठवण काढणारे दोन सोबती आहेत. हे इंग्रजी गीत आबाच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि ऑस्ट्रेलियात सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. एका गायिकेचे स्वतंत्र गीत चमूचे झाले ते असे. त्याच स्वीडिश अल्बममध्ये डेव्हिड बोवी, बीच बॉइज आणि टेन सी.सी. यांच्या गीतांची स्वीडिश रूपेही आहेत. पण पुढे आबाच्या कामाचा व्याप एवढा वाढला की स्वतंत्र गायनाला सात वर्षे अवसर मिळाला नाही.

वडिलांचा शोध

१९७७ मध्ये 'ब्राव्हो' ह्या जर्मन युवा-नियतकालिकाने आबाच्या सदस्यांची माहिती छापताना फ्रीडा यांच्या जन्माचा तपशील आणि वडिलांचे नाव प्रसिद्ध केले. तो मजकूर जर्मनीतील हासे कुटुंबाच्या वाचनात आला. आल्फ्रेड हासे जिवंत होते आणि आपल्याला नॉर्वेत मुलगी झाल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. त्याच वर्षी ते स्टॉकहोमला आले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी फ्रीडा यांनी वडिलांना प्रथम पाहिले. मृत समजलेला पिता जगप्रसिद्ध मुलीला भेटतो, ह्या घटनेला वृत्तपत्रांनी अर्थातच परीकथेचे रूप दिले. प्रत्यक्षात इतक्या उशिरा जुळलेला हा संबंध फार काळ टिकला नाही. काही वर्षांत दोघांतील संपर्क थांबला.

चमूचे अखेरचे पर्व

बेनी व फ्रीडा यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये विवाह केला. ब्यॉर्न आणि आग्नेथा त्याच सुमारास विभक्त होण्याच्या वाटेवर होते. १९८१ च्या सुरुवातीस बेनी व फ्रीडा यांनीही विभक्त होत असल्याचे जाहीर केले. त्यानंतरही चौघांचे एकत्र काम चालू राहिले. ह्या विभक्ततेच्या पार्श्वभूमीवर ब्यॉर्न यांनी लिहिलेले 'व्हेन ऑल इज सेड अँड डन' (१९८१) हे गीत फ्रीडा यांनीच गायिले आणि त्याचे संगीत घटस्फोटित होत असलेल्या पतीचे होते. आग्नेथा यांनी गायिलेल्या 'द विनर टेक्स इट ऑल' (१९८०) ह्या गीताला अशाच कारणाने मोठी कीर्ती लाभली. त्या तुलनेत फ्रीडा यांचे गीत उपेक्षित राहिले. ते कमी नाट्यमय आहे, पण गायनाच्या संयमात कमी नाही.

१९८२ मधील 'द डे बिफोर यू केम' हे ह्या पर्वातील अखेरच्या गीतांपैकी एक. त्यात मुख्य स्वर आग्नेथा यांचा आहे. फ्रीडा यांच्या वाट्याला शब्द जवळजवळ नाहीतच. मागून येणारा, ऑपेरातील गायिकेसारखा उंच तान घेणारा आवाज त्यांचा आहे. गडद, खालच्या स्वरासाठी ओळखल्या जाणाऱ्या गायिकेने येथे चमूतील सर्वांत उंच स्वर लावला आहे. आबा विसर्जित झाल्याची अधिकृत घोषणा कधीच झाली नाही. १९८२ च्या अखेरीस काम थांबले, एवढेच.

स्वतंत्र गायन: 'समथिंग्ज गोइंग ऑन' आणि 'शाइन'

चमूचे काम पुरते थांबण्यापूर्वीच फ्रीडा यांनी इंग्रजी अल्बम करण्याचे ठरवले. निर्माता म्हणून त्यांनी इंग्लिश गायक व ड्रमवादक फिल कॉलिन्स यांची निवड केली. 'जेनेसिस' ह्या चमूचे सदस्य असलेल्या कॉलिन्स यांनी स्वतःच्या घटस्फोटाच्या काळात 'फेस व्हॅल्यू' (१९८१) हा अल्बम केला होता. त्याच अनुभवातून जात असलेल्या फ्रीडा यांनी तो वारंवार ऐकला होता.

ध्वनिमुद्रण १९८२ च्या सुरुवातीला स्टॉकहोममधील आबाच्याच पोलर स्टुडिओत झाले. स्टुडिओ तोच, पण रीत मात्र पूर्णपणे निराळी होती. आबाच्या गाण्यांत आवाजांचे थर एकावर एक रचले जात. कॉलिन्स यांनी ड्रमचा जड, अचानक तुटणारा ध्वनी पुढे आणला आणि फ्रीडा यांचा आवाज एकटा व उघडा ठेवला. अमेरिकेतील 'अर्थ, विंड अँड फायर' ह्या चमूचे फुंकवाद्य-वादक साथीला होते. गीतांची निवडही ब्यॉर्न-बेनी यांच्या वर्तुळाबाहेरून झाली. ब्रायन फेरी, जॉर्जो मोरोडर व पीट बेलॉट यांची गीते त्यात आहेत. अमेरिकी कवयित्री डोरोथी पार्कर यांच्या एका कवितेला पेर गेस्ले ह्या तरुण स्वीडिश संगीतकाराने चाल दिली होती. पुढे 'रॉक्सेट' चमूमुळे गेस्ले यांचे नाव जगभर झाले.

रस बॅलार्ड यांनी लिहिलेले 'आय नो देअर्ज समथिंग गोइंग ऑन' हे त्यातील गीत सर्वाधिक गाजले. पतीच्या किंवा प्रियकराच्या वागण्याचा संशय आलेल्या स्त्रीचा हा मनोव्यापार आहे. स्वित्झर्लंड व बेल्जियममध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेच्या बिलबोर्ड क्रमवारीत ते १९८३ मध्ये तेराव्या स्थानी पोहोचले. ब्रिटनमध्ये मात्र त्याला पहिल्या चाळीसांतही जागा मिळाली नाही. आबाच्या यशाशी तुलना करून हा स्वतंत्र प्रयत्न फसल्याचे मत अनेकदा मांडले जाते. अमेरिकेपुरते तरी ते टिकत नाही. तेथे 'फर्नांडो' तेराव्या, 'नोइंग मी, नोइंग यू' चौदाव्या आणि 'एस.ओ.एस.' पंधराव्या स्थानापर्यंतच गेले होते. म्हणजे चमूच्या आधाराविना गायिलेल्या ह्या गीताने आबाच्या काही अतिप्रसिद्ध गीतांची बरोबरी केली किंवा त्यांना मागे टाकले.

१९८२ च्या अखेरीस फ्रीडा लंडनला राहायला गेल्या. १९८३ मध्ये आबाच्या चालींवर आधारित 'आबाकादाब्रा' ह्या फ्रेंच बालसंगीतिकेसाठी त्यांनी फ्रेंच गायक दानिएल बालाव्वान यांच्यासह गायन केले. दुसरा इंग्रजी अल्बम 'शाइन' १९८४ मध्ये निघाला. त्याचे मुद्रण पॅरिसमध्ये झाले व निर्मिती स्टीव्ह लिलीव्हाइट यांची होती. 'यू टू' ह्या आयरिश चमूच्या आरंभीच्या अल्बमांमुळे लिलीव्हाइट तेव्हा नावारूपाला आले होते. 'शाइन'मधील वाद्यध्वनी काळाच्या पुढे जाण्याच्या हौसेने भरलेला आहे आणि काही ठिकाणी त्यात आवाज हरवतो. ब्यॉर्न व बेनी यांचे 'स्लोली' हे गीत त्यातील सर्वांत शांत आणि बहुधा सर्वांत चांगले. अल्बमला माफक प्रतिसाद मिळाला. त्यानंतर फ्रीडा यांनी बारा वर्षे नवा अल्बम केला नाही. दरम्यान त्या स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाल्या.

पर्यावरणकार्य आणि 'यूपा आंदेताग'

१९९० च्या दशकाच्या आरंभी फ्रीडा यांनी स्वीडनमधील पर्यावरणविषयक संघटनांच्या कार्यात भाग घेतला. १९९२ मध्ये त्यांनी ज्यूलियन लेनन यांचे 'सॉल्टवॉटर' हे गीत ह्या कार्यासाठी ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा विवाह प्लाउएनचे राजकुमार हाइनरिश रुत्सो रॉयस यांच्याशी झाला. १९९३ मध्ये स्वीडनच्या राणी सिल्व्हिया यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात त्यांनी 'रियल ग्रुप' ह्या वाद्यांविना गाणाऱ्या चमूसह 'डान्सिंग क्वीन' सादर केले. हेच गीत आबाने जून १९७६ मध्ये राणीच्या विवाहाच्या पूर्वसंध्येला गायिले होते.

१९९६ मध्ये 'यूपा आंदेताग' (दीर्घ श्वास) हा त्यांचा स्वीडिश अल्बम प्रसिद्ध झाला. निर्मिती व बहुतेक रचना आंदर्स ग्लेनमार्क यांची होती. 'रॉक्सेट'च्या गायिका मारी फ्रेड्रिक्सन यांच्यासोबतचे एक युगुलगीत त्यात आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गायिकेचा आवाज येथे पूर्वीपेक्षा खाली उतरलेला आहे आणि निर्मात्याने तो वर ओढण्याचा प्रयत्न केलेला नाही. मातृभाषेसारख्या झालेल्या भाषेत, आपल्या स्वाभाविक पट्टीत त्या गातात. पाचही स्वतंत्र अल्बमांत हा सर्वांत एकजिनसी म्हणावा लागेल. स्वीडनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. देशाबाहेर मात्र भाषेमुळे त्याचा प्रसार झाला नाही.

जानेवारी १९९८ मध्ये त्यांच्या मुलीचा अमेरिकेत मोटार अपघातात मृत्यू झाला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये पती रॉयस यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर त्यांनी नवा स्वतंत्र अल्बम केलेला नाही. अधूनमधून मात्र त्या मित्रांच्या प्रकल्पांत गायल्या आहेत. २००४ मध्ये 'डीप पर्पल'चे कळफलक-वादक जॉन लॉर्ड यांच्या अल्बमवर, २०१० मध्ये गिटारवादक जॉर्ज वाडेनियस यांच्यासह, तसेच क्युबात जन्मलेले ट्रंपेटवादक आर्तुरो सांदोवाल यांच्याबरोबर त्यांनी गायन केले. सांदोवाल यांच्यासोबत गायिलेले गीत आबाचेच 'आंदान्ते, आंदान्ते' आहे. नृत्यवृंदातील जॅझपासून निघालेली गायिका ट्रंपेटच्या साथीने जुने पॉप गीत पुन्हा जॅझच्या अंगाने गाते, असे ते ध्वनिमुद्रण आहे.

पुनर्मिलन आणि सन्मान

मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये आबाचा समावेश झाला. न्यूयॉर्कमधील समारंभास फ्रीडा आणि बेनी उपस्थित होते. एप्रिल २०१८ मध्ये चौघांनी नवी गीते मुद्रित केल्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये 'व्हॉयेज' हा चाळीस वर्षांनंतरचा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील 'आय स्टिल हॅव फेथ इन यू' ह्या गीतात मुख्य स्वर फ्रीडा यांचा आहे. ह्या गीताला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. आबाला मिळालेले ते पहिलेच नामांकन होते. मे २०२२ पासून लंडनमध्ये सुरू झालेल्या 'आबा व्हॉयेज' ह्या कार्यक्रमात चौघांच्या तरुणपणीच्या संगणकनिर्मित प्रतिमा रंगमंचावर दिसतात. त्यांच्या हालचालींसाठी चौघांनी स्वतः चित्रणाला उभे राहून काम केले.

३१ मे २०२४ रोजी स्वीडनचे राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांच्या हस्ते चौघांना 'ऑर्डर ऑफ वासा' हा सन्मान प्रदान करण्यात आला. स्वीडिश नागरिकांना असे राजसन्मान देण्याची प्रथा १९७० च्या दशकात बंद झाली होती व नुकतीच ती पुन्हा सुरू झाली होती. स्टॉकहोमच्या राजवाड्यातील ह्या समारंभाला फ्रीडा, आग्नेथा, ब्यॉर्न व बेनी चौघेही एकत्र आले होते.